चकतीवरचे प्लास्टिक सोलू देण्याबाबत

दिनांक : ९ फेब्रुवारी

प्रति,
मा. उपसंचालक (भांडार व तपासणी),
मध्यवर्ती कार्यालय, तिसरा मजला.

अर्जदार : मापन तंत्रज्ञ (कंत्राटी), कृत्रिम अवयव केंद्र.

विषय : केंद्रातील संगणकाचे सील उघडून आतील तांब्याच्या चकतीवर राहून गेलेले पातळ प्लास्टिक काढण्याची परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ : १) माझे यापूर्वीचे तीन अर्ज. २) त्यांना आपल्या कार्यालयाने दिलेली तीन उत्तरे, ज्यांत प्लास्टिकचा उल्लेख नाही.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून, मी खाली सही करणारी, आपल्या सेवेशी चौथ्यांदा अर्ज सादर करीत आहे. आधीच्या अर्जांत मी तांत्रिक भाषा वापरली. ती माझी चूक झाली असावी. म्हणून या वेळी सगळे साध्या शब्दांत मांडते. अर्ज लांबला आहे, त्याबद्दल क्षमस्व. पण कृपया शेवटपर्यंत वाचावा.

१. आमच्या केंद्रात गुडघ्याखालचा पाय गमावलेल्या माणसांसाठी कृत्रिम पाय तयार होतात. उरलेला पाय ज्या पेल्यासारख्या भागात बसतो, त्याला आम्ही सॉकेट म्हणतो. मी कॅमेऱ्याने पायाचे माप घेते, संगणक त्यावरून सॉकेटचा आकार काढतो आणि शेजारच्या खोलीतले यंत्र तो कापून देते. आकार काढायला संगणकाला दोनेक तास सलग चालावे लागते. आमचा संगणक सुरुवातीलाच तापतो आणि स्वतःला वाचवण्यासाठी फटकन बंद होतो. अर्धवट झालेले काम तो जपून ठेवत नाही. पुन्हा सुरू केला की पहिले पाढे पंचावन्न.

२. या संगणकाचा प्रोसेसर, म्हणजे सगळे हिशेब करणारा मुख्य भाग, थंड ठेवण्यासाठी आत द्रव खेळवलेला आहे. प्रोसेसरवर तांब्याची एक चकती दाबून बसवलेली असते. ती त्याची उष्णता घेते, द्रव ती उष्णता नळ्यांतून वरच्या जाळीकडे नेतो आणि जाळीवरचे पंखे ती बाहेर टाकतात. बाहेरून जे जे तपासता येते ते मी तपासले आहे. पंप चालू आहे. काचेवर हात ठेवला की त्याची थरथर लागते. पंखे फिरतात. नळ्या कुठे मुडपलेल्या नाहीत. आत हवेचा बुडबुडा अडकला असेल म्हणून मी आणि शिपाईकाकांनी अख्खा संगणक आडवा करून, हलवून पाहिला. काकांची कंबर धरली, बुडबुडा मात्र निघाला नाही, कारण तो नव्हताच. मग मी जाळीपाशी हात नेला, तर गार वारा! पडद्यावर प्रोसेसरचे तापमान नव्वदीच्या वर, आणि जाळीतून वारा गार. याचा अर्थ उष्णता द्रवापर्यंत पोचतच नाही. ती वाटेतच कुठेतरी अडते आहे.

३. कुठे अडते आहे तेही मला दिसते आहे, महोदय. संगणकाच्या एका बाजूला काच आहे. टॉर्च लावून पाहिले असता चकतीच्या कडेतून पातळ पारदर्शक प्लास्टिकचे एक टोक बाहेर डोकावते. त्यावर लाल अक्षरांत सूचना आहे, की हे बसवण्यापूर्वी काढावे. नव्या घड्याळाच्या काचेवर असते ना, तसेच हे. ते चकती आणि प्रोसेसर यांच्यामध्ये दाबले गेले आहे; चकती उचलून नखाने सोलले की निघते. माझ्या नाकापासून ते वीतभर अंतरावर आहे. मी रोज सकाळी आल्यावर त्याच्याकडे बघते.

४. ते का राहिले, याची चौकशी मी केली. जोडणी झाली त्या दिवशी मी प्रशिक्षणाला गेले होते. भांडारपालसाहेबांनी मला मोकळेपणाने सांगितले, की जोडणाऱ्या माणसाने प्लास्टिक सोलायला घेतले तेव्हा त्यांनीच त्याचा हात धरला. कारण आपलेच परिपत्रक आहे, की नव्या वस्तूवरील कोणतेही वेष्टन तपासणी समितीने पाहिल्याखेरीज काढू नये. तो माणूस म्हणाला, "अहो, हे काढायचंच असतं." भांडारपालसाहेब म्हणाले, "काढायचं असतं ते समिती काढेल. तू तुझं काम कर." त्याने केले. पुढे समिती आली, तिने काचेतून पाहिले, 'सर्व वेष्टने शाबूत, समाधानकारक' असा शेरा दिला आणि संगणकाला सील ठोकले. यात भांडारपालसाहेबांचा दोष आहे असे माझे म्हणणे नाही. ते शिस्तीचे गृहस्थ आहेत. त्यांच्या घरी दूरदर्शन संचाच्या रिमोटवरचे प्लास्टिकसुद्धा अजून आहे, हे त्यांनीच मला अभिमानाने सांगितले.

५. माझ्या पहिल्या अर्जावर आपल्याकडून उत्तर आले, की संगणक थंड जागी ठेवावा. आम्ही तो खिडकीपासून हलवला. दुसऱ्या अर्जानंतर खोलीत भिंतीवर तापमापक बसवण्यात आला; त्यात चोवीस अंश दिसल्यामुळे 'तापमान योग्य' अशी नोंद होऊन प्रकरण निकाली निघाले. तिसऱ्या अर्जात मी द्रव हा शब्द वापरला, तेव्हा नळ दुरुस्तीवाल्यांना पाठवण्यात आले. त्यांनी संगणकाखाली वर्तमानपत्र पसरून वाट पाहिली, कागद कोरडा निघाला आणि 'गळती नाही' असा दाखला देऊन ते गेले. माणसे भली होती. जाताना त्यांच्यातला एक म्हणाला, "ताई, आतलं ते प्लास्टिक काढायचं राहिलंय वाटतं." मी डोक्याला हात लावला.

६. आपण विचाराल, की दुसऱ्या संगणकावर काम का करत नाही? आकार काढणारी प्रणाली या एकाच संगणकाला जोडलेली आहे. जुना संगणक नवा येताच भंगारात काढला. हाताने प्लास्टरचा साचा घेणारे आमचे काका निवृत्त झाले, त्यांची खोली आता माहिती कक्ष आहे. शहरातल्या दुसऱ्या केंद्राने कळवले, की आमच्या रुग्णांचे काम त्यांनी करायचे तर तसा आदेश आपल्या कार्यालयाचा हवा. तो मी पहिल्या अर्जातच मागितला होता.

७. आपण कदाचित असेही मनात म्हणाल, की ही बाई एवढी तळमळते तर सरळ सील तोडून मोकळी का होत नाही. महोदय, मी खोटे बोलणार नाही. स्क्रू ड्रायव्हर माझ्या खणात आहे. पण दुसऱ्या एका केंद्रात असे सील एका तंत्रज्ञाने तोडले, तेव्हा त्याला घरी बसवले ते बसवलेच, आणि यंत्र पुरावा म्हणून कपाटात गेले. ते अजून कपाटातच आहे. माझी नोकरी गेली तर मी रडून-भेकून दुसरी शोधेन. पण आमचे यंत्र कपाटात गेले, तर परिच्छेद आठमधल्या मुलीचे काय? म्हणून माझे हात बांधलेले आहेत.

८. या मुलीला घरी भिंगरी म्हणतात आणि आता केंद्रातही सगळे तेच म्हणतात. वय दहा. उजवा पाय गुडघ्याखाली नाही. जुना पाय तिला आखूड आणि घट्ट होतो. घातला की कातडी सोलवटते, न घातला तर शाळा बुडते. सध्या ती घरीच आहे. पूर्वी ती केंद्राच्या बोळातून अशी पळायची, की शिपाईकाका चहाचा ट्रे घेऊन भिंतीला चिकटून उभे राहायचे. आता ती बाकावर बसून मलाच विचारते, "ताई, तुमच्या कॉम्प्युटरचा ताप उतरला का?"

मोठ्या माणसाचे माप थांबते, महोदय. मुलाचे थांबत नाही. पहिले माप घेतले, संगणक बंद पडला, आपल्या उत्तराची वाट पाहिली, तोवर मुलगी वाढली. दुसरे माप घेतले, पुन्हा तेच. तिची आई शिवणकाम करते. ती मला म्हणाली, "मापात थोडी माया ठेवा ना ताई, फ्रॉकला ठेवतो तशी. वाढेल तसं उसवू." मी तिला समजावले, की सॉकेट उसवता येत नाही. सैल झाले तरी घासते, घट्ट झाले तरी घासते. ते त्या दिवशीच्या पायालाच बसते.

हे मी आईला सांगत होते तेव्हा मुलगी बाकावरच बसली होती. आम्ही दोघींनी तिच्याकडे लक्ष दिले नाही.

९. तिसरे माप मी गेल्या आठवड्यात घेतले. उंची वाढली होती, पण पायाचा घेर कमी भरला. माझीच चूक झाली असे वाटून मी पुन्हा घेतले. तेवढेच. आई आपल्या समाधानासाठी दर वेळी स्वतःच्या दोरीने उरलेल्या पायाचा घेर मोजून गाठ मारते. तिच्या दोरीनेही तेच सांगितले. मी आईला विचारले, आजारी होती का? तेव्हा त्या बाईचा बांध फुटला. मुलगी अर्धे ताट टाकून उठते. दूध ओतून देते. दटावून झाले, गोंजारून झाले, आणि शेवटी तिने कारण सांगितले, की आपण वाढतो म्हणून माप चुकते, तर ताईंचा संगणक बरा होईपर्यंत आपण वाढायचे नाही.

मी हे आपल्याला कसे लिहावे ते मला कळत नाही. मी मुलीसमोर जाऊन बसले. तीच म्हणाली, "पण बघा ना ताई, जमतंय मला."

१०. सबब, माझी विनंती पुढीलप्रमाणे आहे. मला सील उघडून प्लास्टिक काढण्याची परवानगी द्यावी. तसे करणे नियमात बसत नसेल, तर समितीने स्वतः येऊन काढावे. मी खोलीबाहेर उभी राहीन. तेही शक्य नसेल, तर समितीने येऊन ते नुसते पाहावे आणि 'पाहिले' असे लिहावे, म्हणजे परिपत्रकाप्रमाणे ते काढता येईल. आणि यातले काहीच होण्यासारखे नसेल, तर निर्णय होईपर्यंत सदर मुलीने वाढू नये असा आदेश आपल्या सहीशिक्क्यानिशी काढावा. तो तिच्या आईला नेऊन दाखवायला मला धीर होणार नाही, तेव्हा तो टपालाने पाठवावा.

दरम्यान, आपल्या कार्यालयाची पूर्वपरवानगी न घेता मी एक गोष्ट केली आहे, ती नोंदीसाठी कळवते. काल मी मुलीच्या घरी गेले, तिच्यासमोर ताट घेऊन बसले आणि पोटभर जेव म्हणून सांगितले. संगणकाचे काय ते मी बघते, असेही सांगितले. तिने माझ्यावर विश्वास ठेवला आणि ती जेवली. त्यामुळे तिसरे मापही आता बाद झाले आहे.

मी चौथे घेईन. त्याआधी उत्तर यावे, एवढ्या आशेवर थांबले आहे.

आपली नम्र,
(सही)
मापन तंत्रज्ञ, कृत्रिम अवयव केंद्र

सोबत :
१) काचेतून काढलेले छायाचित्र. लाल अक्षरे वाचता येतात.
२) यापूर्वीच्या तिन्ही अर्जांच्या पोचपावत्या.
३) गळती नसल्याचा दाखला.
४) मुलीच्या आईची मापाची दोरी. तिच्यावर तीन गाठी आहेत. तिसरी गाठ दुसरीच्या अलीकडे आहे. ती चूक नाही. दोरी काम झाल्यावर परत मिळावी.