टेलरबाईंचा नवरा

ता. ४ मार्च

चि. बबडीस,
अनेक आशीर्वाद.

फोनच करणार होते. पण फोनवर माझा आवाज चढतो आणि तू रेंज गेल्याचं निमित्त करून सुटतेस. आता पत्रातून कशी सुटतेस ते बघते.

आमच्या वर्गातल्या टेलरबाई काल एका घरी पडद्यांची मापं घ्यायला गेल्या होत्या. तिथे जेवणाच्या टेबलावर त्यांना स्वतःचाच फोटो दिसला. आपल्या प्रौढ साक्षरता वर्गासाठी देणग्या मागणारं, तू लिहिलेलं पत्र होतं ते. गळ्यात टेप तशीच ठेवून बाईंनी उभ्या उभ्या अख्खं पत्र वाचलं. बोट ठेवून, पण कुठे न अडखळता. दोन वर्षांपूर्वी त्यांना स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं. मला अभिमान वाटायला हवा होता ना गं?

पत्रात काय, तर नवरा दारुडा होता आणि पुस्तकाला हात लावला की मारायचा! त्या घरच्या बाईने टेलरबाईंच्या पाठीवरून हात फिरवला, असल्या माणसापायी फार सोसलंत म्हणाली आणि ठरल्यापेक्षा जास्त पैसे हातात कोंबले. टेलरबाईंनी ते टेबलावर ठेवले आणि मापं न घेताच परत आल्या.

अगं, तो बिचारा कुलपं दुरुस्त करायचा, किल्ल्या बनवायचा. दारूच्या थेंबाला कधी शिवला नाही. त्याला जाऊन तीन वर्षं झाली. मेलेल्या माणसाला उठून खुलासा करता येत नाही, म्हणून त्याच्याबद्दल वाट्टेल ते लिहायचं? संस्थांना सल्ला देण्याचं तुझं काम आहे, म्हणून मीच तुला बोलावलं. तीन वर्षांचा आराखडा करायचा म्हणून दोन दिवस आमच्या भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या चिकटवल्यास. भिंतीचा रंग निघाला, तरी मी हूं की चूं केलं नाही. पण हे मी खपवून घेणार नाही.

टेलरबाईंचं म्हणणं एकच. ज्यांना ज्यांना ते पत्र गेलं, त्या सगळ्यांना ते खोटं होतं असं कळवायचं. नाहीतर त्या वर्गात पाऊल टाकणार नाहीत. उलट टपाली उत्तर हवं.

रागात आहे, पण आशीर्वाद आहेतच.
आत्या


ता. ९ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र बाबांना दाखवलं. ते म्हणाले, तुझी आत्या लहानपणापासून नाकाच्या शेंड्यावर राग घेऊनच फिरते. पण माझ्या तोंडचं पाणी पळालं, हे खरं.

आत्या, आधी ऐकून तर घे. ती गोष्ट एकट्या टेलरबाईंची नाहीच. वर्गातल्या चार बायकांच्या हकिकती मी एकत्र केल्या आणि पत्राच्या मागे बारीक अक्षरात तसं लिहिलंही आहे. आमच्या कामात सगळेच असं करतात. गेल्या वर्षी तू स्वतः लिहिलेल्या पत्रात किती धडे झाले, किती जण पास झाले, सगळं खरंखुरं होतं. त्याला उत्तरं आली अकरा. या पत्राने तुझ्या वर्गाच्या खोलीचं दोन वर्षांचं भाडं उभं राहिलं. नाहीतर मालक तुम्हाला जूनमध्येच बाहेर काढणार होता ना?

आता त्याच लोकांना गोष्ट खोटी होती असं कळवलं, तर विश्वासच उडेल. पैसे परत मागतील आणि तुझे चाळीस विद्यार्थी रस्त्यावर येतील. तुमच्या कार्यकारिणीचंही हेच मत आहे. टेलरबाईंना संस्थेतर्फे नवीन शिवणयंत्र द्यावं आणि विषय मिटवावा, असं मी सुचवते.

आणि एक. छापण्यापूर्वी मसुदा तुला पाठवला होता. त्यावर तुझी सही आहे.

या एका पत्रापायी तुझी माया आटू देऊ नकोस.
तुझी,
बबडी


ता. १५ मार्च

चि. बबडीस,
आशीर्वाद.

सही माझीच आहे. तुझं पत्र वाचलं आणि थोबाडीत बसल्यासारखं झालं. वरचे दोन परिच्छेद वाचले होते मी. कागद गुळगुळीत, छपाई सुंदर, लिहिणारी घरचीच पोर. दिली ठोकून सही. बावीस वर्षं वर्गात घसा कोरडा करून सांगतेय, की वाचल्याशिवाय सही करायची नाही! लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

परवा सगळ्या वर्गासमोर उभं राहून हे कबूल केलं. कुणी हसलं असतं तर बरं झालं असतं. मागच्या बाकावरच्या म्हाताऱ्या रखवालदाराने तेवढं समजावलं, की बाई, पुढच्या वेळी ओळीखाली बोट धरून वाचत जा.

तुझ्या त्या शिवणयंत्राचं टेलरबाईंच्या कानावर घातलं. कात्री हातात होती त्यांच्या, थोडक्यात वाचले मी. नवऱ्याच्या अब्रूची किंमत एक मशीन का, असं विचारलं त्यांनी. आणि चार बायकांची गोष्ट होती तर फोटो एकीचाच कसा, हेही विचारलं. आहे तुझ्याकडे उत्तर?

मग त्यांनीच पत्र लिहिलं. तीन दिवस लागले. सोबत पाठवतेय. कार्यकारिणी नाहीच म्हणतेय. हे पत्र गेलं नाही तर मी वर्ग सोडते, असं मी त्यांना तोंडावर सांगून आले. खोली गेली तर जिन्यात बसून शिकवू. पण त्या माणसाला दारुडा ठरवून मिळवलेल्या खोलीत मला फळ्यावर एक अक्षर लिहवणार नाही.

देणगीदारांचे पत्ते तुझ्याकडे आहेत. पुढे काय करायचं ते तुला सांगायला नको.

आत्या


ता. २१ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

खरं सांगते, पत्र हातात आल्यावर मी आधी पेन्सिल घेतली. अर्धं कापलं. वर एक छान मथळा टाकला, खाली तुमच्या मदतीमुळेच हे शक्य झालं, असं एक वाक्य जोडलं. मग पुन्हा वाचलं आणि माझीच मला लाज वाटली. सगळं खोडून टाकलं.

ऑफिसात साहेब भडकले. कंपनीचं नाव खराब होईल म्हणाले. मग कंपनीचं नको, माझंच घाला, आधीचं खोटं मी लिहिलं असं खाली छापा, असं मी सांगितलं. तसंच छापलंय. आज सगळ्या पत्त्यांवर पत्रं रवाना झाली, एक शब्दही न बदलता. खोलीचं काय होईल ते मला ठाऊक नाही. फार भीती वाटतेय.

रविवारी येते. टेलरबाईंच्या पाया पडायचंय. त्या बोलतील ते ऐकून घेईन, तू मध्ये पडू नकोस.

बबडी


ता. १४ मार्च

सर्व देणगीदारांस,
नमस्कार वि. वि.

मागच्या पत्रात फोटो माझा होता. गोष्ट माझी नव्हती.

माझा नवरा दारू पीत नव्हता. त्याने माझ्यावर कधी हात उगारला नाही. ओरडायचे ते मीच, कारण तो घरभर किल्ल्या टाकायचा.

मी शिकले नाही त्याचं कारण वेगळं आहे. रोज संध्याकाळी तो मला पेपर वाचून दाखवायचा. विजेचं बिल, माझ्या भावाचं पत्र, औषधाच्या बाटलीवर लिहिलेलं, सगळं तोच वाचायचा. मी शिवायचे आणि ऐकायचे. एकतीस वर्षं. मला शिकायची गरजच पडली नाही. तो गेला आणि घरात कागद नुसते पडून राहिले. म्हणून मी वर्गात आले.

वर्ग चांगला आहे. आमच्या बाई रागीट आहेत, पण शिकवतात चांगलं. तुम्ही खोट्या गोष्टीवर पैसे दिलेत. परत हवे असतील तर मागून घ्या. खऱ्या गोष्टीवर द्यायचे असतील तर राहू द्या.

तो असता तर तुम्हाला आलेलं ते पत्रही त्यानेच मला वाचून दाखवलं असतं. दारूची ओळ आली असती तर ती गाळून पुढे गेला असता, मला वाईट वाटू नये म्हणून. आता माझ्यासाठी गाळणारं कुणी नाही. मला सगळं वाचता येतं.

लोभ असू द्या. कीव नको.

आपली,
किल्लीवाल्याची बायको