मी गप्प नव्हतो, लाईन अटकली होती

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
दवंडी नेट सेवा, विभागीय कार्यालय,
यवतमाळ.

विषय : ऑनलाइन खेळताना माझे वायफाय मध्येच अटकत होते, याचा लेखी दाखला मिळण्याबाबत.
संदर्भ : पावसाळ्यापासूनच्या माझ्या तक्रारी व त्यावर आलेले आपले 'समस्या सोडविण्यात आली आहे' हे संदेश.

महोदय,

उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करतो की, मी महागाव येथील रहिवासी असून कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर नोकरीस आहे व आपला ग्राहक आहे. माझी पत्नी पायल ही मस्कत येथे एका दवाखान्यात परिचारिका आहे. तिच्या खोलीत आणखी तिघी राहतात. त्यामुळे फोनवर आमचे बोलणे 'जेवले काय' आणि 'जेवलो' याच्या पुढे सरकत नसे. वसतिगृहातल्या संगणकाच्या खोलीत मात्र मराठी समजणारे कोणी नसते. तिथे बसून ती माझ्यासोबत ऑनलाइन खेळू लागली, आणि मग हळूहळू बोलूही लागली.

खेळाची माहिती देणे आवश्यक आहे. त्यात दोन गडी एकाच दोराने बांधलेले असतात व त्यांनी मिळून बर्फाचा डोंगर चढायचा असतो. एकाने पाय रोवून दोर धरायचा, दुसऱ्याने चढायचे. धरणारा अटकला की चढणारा लटकतो आणि शेवटी खाली पडतो. आपल्या वायफायमुळे अटकणारा नेहमी मीच असे. माझा गडी दोर धरून दगडासारखा उभा राही, आवाज बंद होई आणि परत सुरू होई तेव्हा पायल दरीत पडलेली असे. "कुठं गेलते जी? मी लटकून राह्यली ना इथं!" असे ती सुरुवातीला हसून म्हणायची. पुढे पुढे हसणे कमी झाले.

मी वेळोवेळी तक्रार केली. आपल्या कार्यालयातून दरवेळी सांगण्यात आले की स्पीड पूर्ण आहे. स्पीड पूर्णच होता, साहेब. पण माझी हालचाल तिकडे पोचून परत येण्याचा वेळ, ज्याला पिंग म्हणतात, तो मधूनच एकदम चढत होता. सिनेमा पाहणाऱ्याला ते कळत नाही. दोर धरणाऱ्याला कळते.

अखेर दिवाळीनंतर आपले लाईनमन श्री. विक्की घरी आले. "भाऊ, राउटर लोखंडी आलमारीवर कायले ठेवला? अन् बाजूच्या ट्युशनवाल्याचं वायफायबी याच चॅनेलवर हाय. पोट्टे आले का अटकनारच," असे ते म्हणाले. त्यांनी राउटर खिडकीत आणला, चॅनेल बदलला. बराच फरक पडला, पण पूर्ण नाही. तेव्हा त्यांनी राउटरपासून संगणकापर्यंत सरळ तारच ओढून दिली. त्यांच्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही, ही नोंद घ्यावी.

त्याच संध्याकाळी आम्ही पहिल्यांदा शिखरावर पोचलो. मी आनंदाने ओरडलो. पायल ओरडली नाही. तिचा गडी बर्फात बसून राहिला. मी पिंग पाहिला. पिंग ठीक होता.

मग ती म्हणाली, "आज तुमी एकदाबी नाही अटकले."

मी म्हणालो, "तार टाकली ना. आता नाही अटकत."

ती म्हणाली, "मी तुमाले विचारलं होतं, इकडे येता काय म्हून. इथं काम भेटते, दोघं राहू. एकदा नाही, तीनदा विचारलं. दरवेळेस तुमी गप्प. मले वाटलं, नसन यायचं, म्हून लाईन कापता."

महोदय, मी ते एकदाही ऐकले नव्हते. तसे मी तिला शपथेवर सांगितले. त्यावर ती म्हणाली, "आज बरं सगळं आयकू येते." आणि नंतर अगदी हळू आवाजात म्हणाली की तिने आणखी तीन वर्षांच्या करारावर एकटीच्या नावाने सही केली आहे, आता आपण दोघांनी मोकळे व्हावे. लाईन इतकी स्वच्छ होती की तिने नाक पुसल्याचेही मला ऐकू आले. मलाच बोलता आले नाही. ती वाट पाहत होती. ते माझे गप्प बसणे मात्र खरे होते आणि तेवढेच तिने धरून ठेवले.

त्यानंतर ती खेळावर आलेली नाही. फोनवर 'बरी आहे' एवढाच निरोप येतो. माझ्या घरच्यांचे म्हणणे आहे की आता पाठपुरावा सोडावा. मला ते जमत नाही. रोज कामावरून आल्यावर मी संगणक सुरू करून बसतो. माझ्या बोलण्यावर आता तिचा भरवसा नाही, पण कंपनीच्या शिक्क्यावर बसेल, असे मला वाटते.

तरी आपणास कळकळीची विनंती आहे की, माझी जोडणी पावसाळ्यापासून तार टाकेपर्यंत सदोष होती व त्या काळात समोरच्याचे बोलणे माझ्यापर्यंत पोचत नव्हते, असा दाखला सहीशिक्क्यानिशी द्यावा. मला नुकसानभरपाई नको. कोणावर कारवाईही नको. दाखल्यात जागा असल्यास खाली एक ओळ वाढवावी की, सदर ग्राहकाला प्रश्न ऐकू आला असता तर त्याने 'येतो' असेच म्हटले असते. नियमात बसत नसल्यास ती ओळ मी स्वतःच्या हाताने लिहीन.

आपल्या उत्तराच्या प्रतीक्षेत,

आपला नम्र,
(सही)
धर्मपाल मुनेश्वर
महागाव, जि. यवतमाळ
दि. १४ डिसेंबर २०२४