चिमणीचा शाळेतला आवाज

९ डिसेंबर

प्रिय ताई,

नमस्कार. आम्ही बरे आहोत. तुझे गुडघे काय म्हणताहेत?

फोन न करता लिहितोय, कारण फोनवरचा शब्दन् शब्द चिमणी कान देऊन ऐकते, आणि विषय तिचाच आहे.

तिच्या हाताला प्लास्टर कशाने, असं तू विचारलंस तेव्हा मी म्हटलं, पडली. ते अर्धंच खरं. मधल्या सुट्टीत घसरगुंडीवरून पडली, मनगट मोडलं, आणि शाळा सुटेपर्यंत तशीच बाकावर बसून राहिली. फाटकातून बाहेर आली, आम्ही कोपरा वळलो, तेव्हा नेहमीच्या आवाजात म्हणाली, "बाबा, हात मोडलाय बहुतेक."

"बाईंना का नाही सांगितलंस गं?"

"सांगायला गेले होते. गळा बंद झाला."

घरी हिची टकळी थांबत नाही. शाळेत मात्र पहिलीपासून चकार शब्द नाही. आम्ही लाजाळू म्हणत राहिलो. हात मोडल्यावर तिला समुपदेशकांकडे नेलं. त्या म्हणाल्या, हा हट्ट नाही, भीती आहे; "बोल, बोल" केलं की वाढते.

मग तिच्या वर्गाच्या बाईंनीच मार्ग काढला. शाळा भरण्याआधी रिकाम्या वर्गात मी आणि चिमणी पत्ते खेळायचो, दार लावून. काही दिवसांनी बाई दाराबाहेर वह्या तपासत बसू लागल्या. मग दार उघडं राहिलं. मग त्या शेवटच्या बाकावर. त्यांना बघून चिमणीचा आवाज कुजबुजीवर उतरला की बाई मुकाट्याने पुन्हा लांब जायच्या.

गेल्या आठवड्यात त्या खेळायलाच बसल्या. टाकलेलं पान त्यांनी हळूच परत उचललं, आणि चिमणी ओरडली, "बाई, रडीचा डाव!"

मी काही बोलणार, तोच बाईंनी मला डोळ्यांनी गप्प केलं. "बरं बाई, ठेवते परत," म्हणाल्या आणि खेळ पुढे चालू. मी पाणी प्यायच्या निमित्ताने बाहेर गेलो आणि नळ सोडून नुसताच उभा राहिलो.

भरल्या वर्गात ती अजून गप्पच असते. बाहेर जायचं असलं की बाईंच्या टेबलावर लाल पुठ्ठा ठेवते. बाकावरच्या शेजारणीच्या कानात मात्र "रबर दे" म्हणाली.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. मागच्या खेपेला तू शेजाऱ्यांसमोर बाहुली धरून म्हणालीस, "आधी आत्या म्हण, मग देते." सगळे हसले. त्यानंतर तू होतीस तोवर तुझ्यासमोरही तिचं तोंड उघडलं नाही. वर तू म्हणालीस, लाड नडलेत. मला ते लागलं, आणि मी तुला बोलावणंच सोडलं. तुझ्या मनात वाईट नव्हतं, हे कळत असूनही.

परवा वेणी घालताना तिने विचारलं, "आत्या माझ्यावर रागावलीय का?" मी नाही म्हटलं. माझ्या सांगण्याने तिला ते पटलेलं नाही. तू ये. तिला काही विचारू नकोस, नुसती शेजारी बस.

रुसवा सोडलेला,
तुझा धाकटा