अळीचे पंधरा दिवस

२ फेब्रुवारी
आज कोकोच्या मळ्यावर रुजू झाले. घर दोनच खोल्यांचं, पण हवा मोकळी. अण्णांचा दमा इथे नक्की आटोक्यात येईल. मी सामान लावेपर्यंत त्यांनी मुकादमाला माझ्या लहानपणच्या सगळ्या फजित्या सांगून टाकल्या. काम एकच: फळ पोखरणारी अळी. पतंग डासाएवढा. तो फळाच्या खाचेत नारिंगी ठिपक्याएवढं अंडं घालतो, अळी सरळ आत शिरते, पंधरा दिवस आतलं खाते, मग बाहेर पडून धाग्यावरून उतरते आणि कोष विणते.

४ फेब्रुवारी
इथे किडकी फळं त्याच दिवशी फोडून पुरतात. मला दिवस अचूक मोजायचे होते, म्हणून बारा फळं अण्णांच्या खोलीत जाळीखाली ठेवली. मुकादम म्हणाला, बाई, घरात नको. मला राग आला. शिकलेपणाचा ताठा, दुसरं काय.

१७ फेब्रुवारी
रिकामे कोष सत्तावीस. जाळीत पतंग एकोणीस. दोनदा मोजले. उरलेले आठ अण्णांच्या पलंगाखाली, फळ्यांना उलटे चिकटलेले. दिवसा आडव्या फांदीखाली बसतात, तसेच. मारले. अण्णांना सांगितलं नाही.

२४ फेब्रुवारी
अण्णांच्या मानेच्या वळ्यांत नारिंगी ठिपके. पुसले तर खाली टाचणीने टोचल्यासारखी भोकं. दुखत नाही म्हणतात. डॉक्टरांनी घामोळं समजून पावडर दिली. पतंगांचं त्यांनाही बोलले नाही. नोकरी जाईल म्हणून? हो, म्हणूनच.

४ मार्च
गालांवर पिवळे चट्टे. "पिकलो गं, आता उतरवा," म्हणून स्वतःच हसले. खोकला थांबलाय. छातीला कान लावला — आत काहीच आवाज नाही. तरी बोलतात, जेवतात.

८ मार्च
मुकादमाला सगळं सांगितलं. तो रागावला नाही, ते जास्त लागलं. म्हणाला, दारं-खिडक्या बंद ठेवा. एक जरी अळी बाहेर आली तर मळ्याचं सोडा, आमची पोरंबाळं —

११ मार्च
भोकं दिसल्यापासून पंधरावा दिवस. फटी कापडाने बुजवल्या. अण्णा म्हणतात, गुदमरतंय. बाहेर मुकादमाच्या नाती खेळतायत. उघडणार नाही.

दुपार. पहिला धागा, खांद्यावरून —
चिरडली. दुसरा, कानामागून. अण्णांना कळत नाहीये. गाल आत बसत चाललेत —
"बाळ, तुझ्या बापाने कधी काही मागितलं का गं? खिडकी तेवढी..."
नाही मागितलं. कधीच नाही.
वही घेऊन खिडकीच्या कडीपाशी उभी आहे. पोरी अगदी खिडकीखाली —