झाकण कोणी उचलू नये

मी, आर्डिस मार्गरेट टॉलफसन, कै. ऑरिन टॉलफसन यांची पत्नी, वय ब्याऐंशी, धंदा पूर्वी शाळेची बस चालवणे आणि हल्ली कोणाचे न ऐकणे, राहणार हॅल्डन गावाबाहेरचे शेत, राज्य मिनेसोटा, हे मृत्युपत्र स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे. हे वाक्य सगळेच लिहितात. मी डॉक्टरांचा दाखलाही सोबत टाचला आहे. तो का घ्यावा लागला ते चौथ्या कलमात येईल. यापूर्वीची माझी सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत, विशेषतः ते, जे मी तापात लिहिले आणि ज्यात सगळे मांजरीला दिले होते.

हे मृत्युपत्र वकील मिस हेगन यांनी माझ्या दफनाच्या दिवशी, चर्चच्या तळघरात, प्रार्थना झाल्यावर आणि जेवण वाढण्याआधी सर्वांसमोर मोठ्याने वाचावे. माझा मुलगा कर्टिस आणि मुलगी जोलीन यांना एकाच टेबलावर शेजारी शेजारी बसवावे. ते बसेपर्यंत वाचायला सुरुवात करू नये.

कलम १. एकशे साठ एकर शेत दोघांना निम्मे-निम्मे. घर कर्टिसला, कारण तो रस्त्यापलीकडेच राहतो आणि छप्पर कुठे गळते हे त्याला माहीत आहे. माहीत आहे, दुरुस्त केलेले नाही. वरच्या मजल्यावरची पूर्वेची खोली मात्र जोलीनची. ती तिथे हवे तेव्हा, हवे तितके दिवस येऊन राहील आणि कर्टिसने तिथे बियाण्याची पोती ठेवू नयेत. ठेवली आहेत, मी पाहिली आहेत. बँकेत जे काही असेल ते दफनाचा खर्च वजा जाता नातवंडांच्या शिक्षणाला.

कलम २. माझे स्लो कुकर, म्हणजे विजेवर दिवसभर मंद शिजवणारी भांडी. असे माझ्याकडे पाच आहेत. त्यातला मोहरीच्या रंगाचा सर्वात जुना. तो ऑरिनने लग्नाच्या वाढदिवसाला आणला, तेव्हा मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही. बायकोला वाढदिवसाला भांडे कोण आणतो?

"अगं, ऐकून तर घे," तो म्हणाला. "सकाळी कोंबडी टाकायची, बटण फिरवायचं आणि खुशाल घराबाहेर पडायचं. संध्याकाळी येऊन जेवायचं. तुला ती बस चालवायची आहे ना?"

शाळेला त्या वर्षी बस चालवायला माणूस हवा होता. मी घरात एकदाच, तेही भांडी घासताना पुटपुटत, तसे म्हणाले होते. त्याने ऐकले होते. माझा राग तिथेच गेला.

कृती लिहून ठेवते, कारण मागाहून प्रत्येक जण आपलीच खरी म्हणेल. तळाशी बटाटे आणि गाजरे, ती हट्टी असतात, उशिरा शिजतात. त्यावर कांदा. त्यावर कोंबडीच्या तंगड्या आणि मांड्या. छातीचे तुकडे घालू नयेत, संध्याकाळपर्यंत त्यांचा कापूस होतो. वरून मशरूमच्या सूपचा एक डबा, मीठ, मिरपूड. पाणी घालू नये; कोंबडीला स्वतःचे पाणी असते. झाकण लावावे. आणि मग झाकण कोणी उचलू नये. उचलले की वाफ जाते आणि जेवण अर्धा तास पुढे जाते.

सासूबाई पहिल्या दिवशी दारात उभ्या राहून म्हणाल्या, "घरात बाई नाही आणि विस्तव चालू! एक दिवस घराची राख होईल, मग समजेल." राख काही झाली नाही. तीस वर्षे मी बस चालवली, बर्फात, चिखलात, या तळघरात आज बसलेल्या निम्म्या लोकांना मी नाक पुसून शाळेत पोचवले आहे. घरात पाऊल टाकले की कोंबडीचा वास सामोरा यायचा. सासूबाई रोज दुसऱ्यांदा वाढून घ्यायच्या आणि वाढून घेताना तेच वाक्य म्हणायच्या.

मोहरीच्या कुकरवर दोन्ही मुलांचा जीव आहे. मिस हेगन यांनी सुचवले, भांडे एकाला द्या, झाकण दुसऱ्याला, म्हणजे दोघांना एकत्र यावेच लागेल. मी म्हटले, "बाई, तुम्ही माझ्या पोरांना ओळखत नाही. दुसऱ्याच दिवशी एक जण नवं झाकण आणेल आणि दुसरी नवं भांडं." सबब त्या कुकरचे काय करायचे ते मी शेवटी सांगेन.

कलम ३. माझी नणंद लाव्हॉन हिला काचेच्या झाकणाचा नवा कुकर द्यावा. लाव्हॉनने जन्मभर माझी झाकणे उचलली. "बघत होते गं, झालंय का." झालेले नसायचे, तिने उचलले म्हणूनच झालेले नसायचे. काचेतून न उचलता दिसते. तरी ती उचलणारच. मेलेल्या माणसाचे कोण ऐकतो? उरलेले तीन कुकर चर्चच्या स्वयंपाकघराला. बुडाशी माझ्या नावाची पट्टी चिकटवलेली आहे, ती काढू नये. गेल्या वेळी एक कुकर दोन वर्षे दुसऱ्याच घरी जेवण करत होता.

दीर सेल्मर यास काही नाही, कारण तो या मृत्युपत्राला साक्षीदार आहे आणि साक्षीदाराला काही देऊ नये असे मिस हेगन म्हणतात. तसेही ऑरिनची मासे धरायची गळ-काठी त्याने विचारल्याशिवायच नेली आहे.

कलम ४. माझ्या बुद्धीबद्दल. तीन वर्षांपूर्वी मी दाढ काढायला गावात गेले होते. निघताना कुकर लावला, जसा आयुष्यभर लावत आले. त्याच दिवशी जोलीन न कळवता शहरातून आली. घरात कोणी नाही, दार उघडे आणि कुकर रटरटतोय. तिने कर्टिसला हाक मारली. मी परत आले तेव्हा दोघे माझ्याच स्वयंपाकघरात उभे राहून भांडत होते.

"आई घरात नाही आणि विस्तव चालू!" जोलीन म्हणत होती. "तिला विसरायला होतंय, कर्टिस. तिला आता एकटं ठेवता येणार नाही."

"अगं, ते लावून जाण्यासाठीच असतं! विसरलीस तू. याच कोंबडीवर वाढलीस ना?"

"तू नको सांगूस. तुला रोज आयतं ताट मिळतं, म्हणून ती तुला इथेच हवी."

"आणि तू पाहुणीसारखी वर्षातून दोनदा येणार आणि तिला म्हाताऱ्यांच्या घरात नेऊन टाकणार! चालती हो."

सासूबाईंचे वाक्य माझ्याच पोटच्या पोरीच्या तोंडून! आणि मी दारात, गाल फुगलेला, तोंडात कापसाचा बोळा. माझ्या आयुष्यात तोंड बंद असण्याचा तो एकच प्रसंग, नेमका तेव्हाच आला. बोळा निघेपर्यंत जोलीनची गाडी रस्त्याला लागली होती.

तेव्हापासून ती नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सणाला येते आणि तो नाताळला जेवायला येतो. तिची गाडी दिसली की तो पडदा ओढून घेतो. जाताना ती त्याच्या खिडकीकडे बघते. मला दोन्हीही दिसते, कारण मी मधोमध राहते. दोघांनाही वेगवेगळे बसवून समजावले. दोघेही म्हणाले, "आधी त्याने," "आधी तिने." डॉक्टरांचा दाखला आणून फ्रिजवर लावला, त्याचाही उपयोग झाला नाही, कारण भांडण माझ्या बुद्धीवरून उरलेच नव्हते. मला याचे फार वाईट वाटते. सण साजरा करून मी एकटीच भांडी घासते आणि रडते, हे आता लिहायला हरकत नाही.

कलम ५. ऑरिनच्या दफनाच्या दिवसाची आठवण. काही जणांना ती आहे. ज्यांना नाही त्यांच्यासाठी लिहिते.

त्या दिवशी बायकांनी याच तळघरात तेरा कुकर आणले आणि सगळे एकाच भिंतीवरच्या विजेला लावले. वर पाद्रीबुवांचे प्रवचन चालू असताना खाली त्या भिंतीचा फ्यूज उडाला. कोणाला पत्ता नाही. का नाही? कारण झाकण उचलायचे नाही अशी माझी सक्त ताकीद होती आणि त्या दिवशी तरी, विधवेचा मान राखून, लाव्हॉननेही ती पाळली. प्रार्थना झाली, लोक ताटे घेऊन रांगेत उभे राहिले, झाकणे निघाली, आणि आत तेरा भांडी भरून थंडगार, कच्ची कोंबडी.

"मी उचललं असतं तर कळलं असतं!" लाव्हॉन ओरडली. तिचे आयुष्य सार्थकी लागले.

पण घरी कोण जाणार? दफनाचे जेवण न जेवता उठणे आमच्यात होत नाही. कॉफीचे भांडे दुसऱ्या भिंतीला होते, ते चालू होते. लोक बसले. चर्चची देखभाल पाहणारा वेंडेल ब्राटलंड फ्यूज बदलायला अंधाऱ्या कपाटात शिरला. बॅटरी फक्त सेल्मरजवळ होती. या दोघांचे शेताच्या पाटावरून इतके बिनसले होते की बाजारात ते एकमेकांना बघून रस्ता बदलत. सेल्मर बॅटरी घेऊन कपाटात गेला. आम्ही बाहेर ऐकत होतो.

"इकडे धर. इकडे. माझ्या डोळ्यांत नको."

"तुझे डोळे मध्ये येतात त्याला मी काय करू?"

आणि मग दोघांचे हसणे ऐकू आले. ऑरिनची कुठलीशी आठवण निघाली होती. कोंबडी शिजेपर्यंत संध्याकाळ झाली. गाईवाले दूध काढून परत आले. तोवर हे दोघे पत्ते खेळत बसले होते. आज बारा वर्षे दोघे हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यावर एकत्र मासे धरतात आणि एकही आणत नाहीत. मी त्या दिवशी नवरा पुरला होता, तरी घरी जाताना मला हलके वाटत होते. चांगले जेवण वेळेवर मिळाले असते तर लोक अर्ध्या तासात पांगले असते.

कलम ६ व शेवटचे. कर्टिस, जोलीन, आता तुमच्याशी बोलते.

समोरच्या भिंतीकडे बघा. कुकर मांडलेत, पण एकाचाही दिवा लागलेला नाही. आत काहीच नाही. कोंबडी फ्रिजमध्ये आहे, फ्रिज दुसऱ्या भिंतीला आहे, मी स्वतः तपासून ठेवलंय. कॉफीही तिकडेच. कॉफीशिवाय आपली माणसं बोलत नाहीत. लहान मुलांना आणि साखरेचा त्रास असणाऱ्यांना लोणी-पाव मिळेल. बाकीच्या मंडळींची मी मनापासून क्षमा मागते. भूक लागली असेल. तक्रार माझ्याकडे नेता येणार नाही, तेव्हा ती या दोघांकडे करावी.

जोलीन, तू घाबरली होतीस. कर्टिस, तूही घाबरला होतास. मी जाईन म्हणून. बघा, गेले. आता कशाला भांडता? मोहरीचा कुकर तुमच्या टेबलावर आहे. बटाटे एकाने लावा, कोंबडी दुसऱ्याने ठेवा. दोघांनी मिळून भरलात तर तो दोघांचा, कोणाच्या घरी कधी राहील ते तुमचं तुम्ही ठरवा. नाही भरलात, तर तो लाव्हॉनचा.

ती रोज झाकण उचलेल. विचार करा.

ठिकाण: हॅल्डन, मिनेसोटा
महिना: ऑक्टोबर २०१९

आर्डिस एम. टॉलफसन (सही)

साक्षीदार पहिला: वेंडेल ब्राटलंड. आर्डिसने माझ्यादेखत सही केली. तिची बुद्धी माझ्यापेक्षा शाबूत आहे. त्या भिंतीचा फ्यूज माझ्या कोटाच्या डाव्या खिशात असेल आणि सेल्मर खूण करेपर्यंत तिथेच राहील.

साक्षीदार दुसरा: सेल्मर टॉलफसन. मी पोरांच्या मागच्याच टेबलावर बसेन. मला कानाने कमी ऐकू येतं, तेव्हा जरा मोठ्याने बोला. तुम्ही बोलायला लागलात की मी खोकेन.