सोनूबाईंची गाय हंबरत नाही

४ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ७.५०
आजपासून रोज सकाळी चालायचं. डॉक्टर म्हणाले म्हणून नव्हे, स्वतःहून. (डॉक्टरही म्हणाले होते.) घरापासून पार्ल्याच्या देवळापर्यंत आणि परत, चाळीस मिनिटं. आज देवळापर्यंत गेलो. परत रिक्षाने आलो. पहिल्याच दिवशी अंगावर घेऊ नये.

देवळाबाहेर सोनूबाई गाय घेऊन बसतात. लोक त्यांच्याकडून चाऱ्याची पेंढी घेऊन गाईला घालतात, तिच्या पाठीला हात लावून तो कपाळाला लावतात आणि ऑफिसला जातात. पुढच्या नाक्यावर, बसस्टॉपच्या मागे, खंडू त्याची गाय घेऊन उभा असतो. तो चहा पिऊन परत येताना दिसला की त्याची गाय अख्ख्या बसस्टॉपला ऐकू जाईल अशी हंबरते. सोनूबाई उठोत, जावोत, येवोत, त्यांची गाय ढिम्म. असं का असावं?

अक्षताला विचारावंसं वाटलं. ती किचनमध्ये होती. विचारलं नाही.

५ नोव्हेंबर
बँकेने अक्षताला प्रमोशन दिलंय. पण पोस्टिंग रत्नागिरी, तीन वर्षं. बावीस तारखेपर्यंत हो किंवा नाही कळवायचं. चहा देताना म्हणाली, "काय करू रे? जाऊ?"

मी म्हणालो, तुझा निर्णय, मी कधीच आड येणार नाही.

तिने चकल्यांचा डबा झाकण लावून वर ठेवला. दिवाळीच्या चकल्या आता मऊ पडल्यात.

उत्तराचं समाधान आहे. असे नवरे कमी असतात. (हा अहंकार आहे का? तपासायला हवं.)

७ नोव्हेंबर
औषध कंपनीत डॉक्युमेंटेशन बघतो. आमच्याकडे जे लिहिलं नाही ते झालंच नाही असं धरतात. म्हणून गाईंसाठी वेगळी वही केली. दोन कॉलम. मालक खंडू, मालक सोनूबाई. मालक किती पावलांवर असताना गाय हंबरली, किती वेळा. तीस दिवसांचा डेटा घ्यायचा. त्याआधी निष्कर्ष काढायचा नाही.

८ नोव्हेंबर
निष्कर्ष काढला.

खंडूची गाय अकरा वेळा, सोनूबाईंची शून्य. खंडू गाईशी अखंड बोलतो. "काय गं भवाने, दोन मिनिटं कळ काढवत नाही तुला?" त्यावर ती पुन्हा हंबरते. नवरा-बायकोचं भांडण ऐकल्यासारखं वाटतं. सोनूबाई गाईशी अक्षर बोलत नाहीत, तरी ती डोळे मिटून रवंथ करत असते. म्हणजे हंबरणं ही असुरक्षितता. नातं पक्कं असेल तिथे आवाज लागत नाही.

घरी लावून पाहिलं. लग्नाला अठरा वर्षं झाली. पूर्वी मी दार उघडलं की अक्षता आतूनच सुरू व्हायची. चप्पल नीट काढ, दूध आणलंस का, फोन का उचलत नाहीस. गेलं वर्षभर ती काही म्हणत नाही. दाराचा आवाज होतो, मी येतो, झालं.

आम्ही किती पुढे आलो आहोत.

१२ नोव्हेंबर
अक्षताला गाईंचा निष्कर्ष सांगितला, वहीसकट. घराचा उल्लेख केला नाही, तिचं तिला कळेल. ती म्हणाली, "अच्छा." पटलं असावं. वाद घातला नाही.

१५ नोव्हेंबर
तीन दिवस चालणं नाही. मंगळवारी घसा, बुधवारी गुडघा, काल बूट सापडत नव्हते. निरीक्षणात खंड पडला याचं वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. नोंद करतो.

जेवताना अक्षताने विचारलं, ती गेली तर माझ्या जेवणाचं काय. कंपनीत कॅन्टीन आहे, म्हटलं, काळजी करू नकोस.

"काळजी नाही करत. विचारतेय."

दोन्हींत फरक काय, यावर आमटी निवेपर्यंत विचार केला.

१८ नोव्हेंबर
अक्षता बोरिवलीच्या बहिणीशी, अपूर्वाशी, फोनवर बोलत होती. मी बाथरूममध्ये. केवढ्याने हसत होती. इतकं की गीझर बंद करून ऐकलं. वहीच्या हिशेबाने अकराच्या वर. बाहेर आलो तेव्हा आवाज खाली आला, मग संपला.

बहिणीबहिणींचं नातं आतून फार असुरक्षित असावं. कधी जाणवलं नव्हतं.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार
होकाराची शेवटची तारीख. तीन वाजून दहा मिनिटांनी तिचा फोन. "पाठवू का रे?" मी मीटिंगमध्ये नव्हतो, तरी कुजबुजत बोललो. ऑफिसची सवय. म्हटलं, तू विचार करूनच ठरवलं असशील.

तिकडून कोणीतरी स्टॅम्प मारल्याचा आवाज येत होता. मग ती बरं म्हणाली.

मी दबाव आणला नाही. हे एक दिवस तिच्या लक्षात येईल.

२७ नोव्हेंबर. संध्याकाळी ७.३०
आज ऑफिसातून येताना देवळावरून आलो. यापूर्वी संध्याकाळी कधी गेलो नव्हतो.

सोनूबाईंची गाय दावं ताणून उभी होती आणि हंबरत होती. साधंसुधं नाही. मान लांब, जीभ बाहेर, लोक थांबून बघत होते. समोर कोणीच नाही. मग कोपऱ्यावरून एक माणूस स्कूटरवर आला, तशी ती आणखीच.

आजारी आहे का, असं सोनूबाईंना विचारलं.

"छे. मालक आले तिचे."

मालक तर तुम्ही, म्हटलं. त्या हसल्या. गाय अंधेरीच्या तबेल्यातली. सकाळी आणून बांधतात, संध्याकाळी नेतात. सोनूबाई नुसत्या तिच्याजवळ बसतात आणि चारा विकतात. चार वर्षं. आजूबाजूला सगळ्यांना माहीत आहे. मी वही काढून दाखवली. चार वर्षांत तुम्हाला बघून एकदाही नाही?

"मला बघून कशाला ओरडेल? मी कुठं तिला घरी नेते?"

कॉलमवर 'मालक' मीच लिहिलं होतं, कोणाला न विचारता. चूक डेटात नाही, हेडिंगमध्ये आहे. असं आमच्याकडे झालं तर अख्खी बॅच मागे घेतात.

२८ नोव्हेंबर
घरी आल्यावर बूट न काढता पॅसेजमध्ये उभा राहिलो. अक्षता आत बॅग भरत होती. दार मुद्दाम जोरात लावलं होतं. चप्पल-बुटांचा रॅक तिरका करून ठेवला. चार मिनिटं.

शून्य.

बूट काढले. रॅक सरळ केला.

३० नोव्हेंबर
उद्या दुपारी तिची गाडी. ठरलं. उद्या सांगायचं. काय सांगायचं त्याचे तीन ड्राफ्ट केले. पहिला फार भावनिक. तिसऱ्यात 'तथापि' आलं. दुसरा चांगला आहे, त्यात एकच ओळ आहे. वीस वेळा मनात म्हटली. मोठ्याने एकदा, गीझर चालू करून.

तिला विचारलं, उद्या स्टेशनवर येऊ का. म्हणाली, "तुझा निर्णय."

हे वाक्य कानाला कसं लागतं ते आज कळलं. कदाचित तिच्या आवाजात तसं लागत असेल.

१ डिसेंबर, रविवार
स्टेशनवर गेलो नाही. विचारल्यावर तिने हो म्हटलं नव्हतं, मग लादायचं कसं, असं वाटलं. बॅगा लिफ्टपर्यंत नेल्या. लिफ्ट तळमजल्यावर होती. म्हणजे माझ्याकडे सात मजल्यांचा वेळ होता. दुसरा ड्राफ्ट तयार होता. तोंड उघडलं.

"चार्जर घेतलास?"

घेतला, म्हणाली. लिफ्ट आली. बॅगा आत सरकवून ती वळली. चिडली नव्हती. चिडली असती तर मी काहीतरी बोललो असतो, असं वाटतं. खात्री नाही.

"एकदा नको जाऊस म्हणायचं होतंस रे. मी गेलेच असते. पण म्हणायचं होतंस."

दार बंद झालं. मजल्याचे आकडे शून्यापर्यंत उतरताना पाहिले. काही वाटलं नाही. आत येऊन चप्पल नीट काढली.

२ डिसेंबर, सोमवार. सकाळी ८.१०
चालायला गेलो. सोनूबाई पेंढ्या सोडत होत्या. गाय नेहमीसारखी डोळे मिटून. हाक मारून बघावी असं वाटलं. हाक मारायला नाव लागतं. जवळजवळ महिनाभर निरीक्षण केलं, नाव विचारलं नव्हतं. आज विचारलं.

सोनूबाई म्हणाल्या, ते मालकाला माहीत.

नाक्यावर खंडू चहावरून परतत होता. त्याची गाय हंबरली. वही घरी होती, नोंद केली नाही.

तिथेच फोन वाजला. अक्षताचा मेसेज. "खोली बरी आहे. मागे गोठा आहे कोणाचा तरी. पहाटे पाचपासून सगळ्या गाई ओरडतायत. तुझी वही आठवली."

बसस्टॉपवर बसून उत्तर लिहिलं. दुसरा ड्राफ्ट, मग त्याच्या पुढे बरंच. बारा-पंधरा ओळी झाल्या. वाचून पाहिल्या. आज जॉइन व्हायचा पहिला दिवस, सकाळच्या घाईत तिला एवढं वाचायला लावणं बरोबर नाही. सगळं पुसलं.

पाठवलं, "अच्छा."