कुठून चुकलं

हर्सूल,
१२ नोव्हेंबर २०२५

ती. स्व. द्वारकाआत्यास,
अंगदचा सा. न. वि. वि.

तुझ्या कानांनी संप केल्यापासून फोनचा उपयोग नाय, म्हणून पेन धरलं. अक्षर लागलं नाय तर अंदाजानं वाच.

नाशिकचं द्राक्षबागेतलं काम सोडलं. मग वेरूळला पर्यटकांचे फोटो काढत होतो. तिथं एका माकडानं एका साहेबाचा चष्मा पळवला आणि साहेब मलाच धरून बसला, पण ते राहू दे. सध्या एका संस्थेचे रोबोट मोटारसायकलवर बांधून शाळाशाळांत नेतो. रोबोट म्हणजे माणसासारखा नव्हे, डब्याएवढी चार चाकांची गाडी. पोरं टॅबवर पुढं, उजवीकडं, थांब असे ठोकळे ओळीनं लावतात आणि गाडी तशी चालते. यालाच कोडिंग म्हणायचं. दहावी नापासाला पोरं सर म्हणतात. हसून घे.

संस्थेच्या निशा मॅडम म्हणतात, गाडी पोचली का नाय याला फार किंमत नाय. आपण काय ठरवलं, झालं काय, अन् तसं का झालं, हे पोरांनी स्वतः उकलायचं. मला पटलं. म्हणून पाचवीतल्या सोनियाची गाडी फळ्याकडं जायची ती दाराशी बादलीवर आपटली, तेव्हा मी लई प्रेमानं विचारलं, कुठं चुकलं सांग बरं. एरवी ही पोर वर्ग डोक्यावर घेते. ती उभी राहिली, हाताची घडी घातली आणि पुटपुटली, सर, माझं चुकलं, परत नाय करणार. मागच्या बाकावरचा विश्वजीत खिदळला.

तेव्हापासून ती शाळेत नाय. तिचा बाप कडूबा मेंढरं राखतो. महिनाअखेरी त्यांचा कळप चराईला लांब निघतो. यंदा सोनिया शाळेसाठी आजीकडं राहायची होती. आता म्हणते, शाळा नको, मेंढरांमागं येते. बापानंही व्हय म्हटलंय. माझ्या एका प्रश्नापायी पोरीची शाळा सुटतेय, आत्या. तू इतकी वर्षं पोरं शिकवलीस, काहीतरी सांग.

उत्तरात शिव्या असल्या तरी चालतील, पण उत्तर धाड.

तुझा,
अंगद

⁂

वैजापूर,
१७ नोव्हेंबर २०२५

चि. अंगद यास,
द्वारकाआत्याचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. कान गेले तरी डोळे शाबूत आहेत. एका पानात सात ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घाची वाट लावलीस. तुझा भाऊ सोमनाथ मार्केटला कांदा घेऊन गेला तो ट्रॅक्टर तिथंच बंद पाडून बसने परत आला. तुम्हा दोघा भावांना चाक कुणी हाती दिलं, देव जाणे.

तुझ्या पोरीचं सांगते. शाळेत 'चुकलं' हा शब्द कानी पडला की लेकरू आधी तळहात पुढं करतं. का झालं ते शोधायचं सुचतच नाही, आधी सुटका हवी असते. तू कितीही गोड विचार, तिला छडीच ऐकू आली.

आता माफी मागायला धावू नकोस, आणखी बिचकेल. शाळेत चल म्हणून मागं लागू नकोस. नुसता जा, चहा पी, आणि थोडा वेळ तोंड मिटून बस. तुला ते जड जाईल, ठाऊक आहे. जेवणाची हेळसांड करू नकोस.

काळजी करणारी,
द्वारकाआत्या

⁂

हर्सूल,
२७ नोव्हेंबर २०२५

ती. स्व. आत्यास,
सा. न. वि. वि.

गेलो. वाटेत पंक्चर, मग पंक्चरवाल्याशी गप्पा, त्याचा मेव्हणा दुबईला असतो... असो. गावच्या तलावापलीकडं त्यांच्या पालावर पोचलो तर चहा कुठला! एक मेंढी चुकली होती. सोनियाच्याच हातून.

मला वाटलं, आता पोर मार खाणार. कडूबानं आवाजसुद्धा चढवला नाय. विचारलं, कुठून चुकली गं? सोनिया फडाफडा बोलायला लागली. ओढ्यापर्यंत व्हती, खदानीपाशी नव्हती. मग बाप-लेक आल्या वाटेनं ओढ्यापर्यंत माघारी गेले, मागं मी. मेंढी बोरीखाली पडलेली बोरं खात उभी. सगळ्या वाटेत चुकली, चुकली हाच शब्द, पण कुणाची मान खाली नाय. आत्या, मी तोंड मिटूनच होतो, खरंच.

परतताना एवढंच विचारलं, की आपली गाडी पण अशी हुडकता येईल का? तिनं विचार केला. म्हणाली, गाडी कुठं बोरं खाती? सांगितलं तिकडंच जाती. मग सांगताना काय झालं तेवढंच बघायचं. उद्या येते, पण बघायला फकस्त.

दुसऱ्या दिवशी बापासंगं आली. कडूबा आत येईना, खिडकीशी थांबला. सोनियानं ठोकळे त्या दिवसासारखेच लावले आणि गाडी सोडून तिच्या मागं चालत निघाली. वळण घेऊन गाडीचं तोंड सोनिया बसायची त्या बाजूच्या भिंतीलगतच्या बाकाकडं झालं, तशी ती थबकली. आपले दोन्ही हात पाहिले. म्हणाली, पुढचं वळण मी बाकावर बसून माझ्या उजव्या हाताला सांगितलं, पण गाडी माझ्या समोरून येत होती, तिचा उजवा दुसरीकडं. तेवढ्यात गाडी दाराकडं वळून बादलीवर धडकली. विश्वजीत ठोकळा बदलायला धावला. सोनियानं त्याचा हात झटकला. म्हणाली, थांब की रे, अजून एकदा चुकू दे, मला नीट बघायचंय.

मी खिडकीकडं वळलो. कडूबा पटका सारखा करत होता. म्हणाला, ही काय आता कळपामागं येत नाय, सर. हिचं अंथरूण आजीकडं टाकून येतो.

माया आहेच, ती ढळू देऊ नको.

तुझा,
अंगद